पालिका-पंचायतींची खरेदी पर्यावरण सांभाळून कशी करता येईल? (कोल्हापूर जिल्हा)

रंकाळावेस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या भांडार विभागात माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. पंचगंगा, रंकाळा, कसबा बावड्यातला कचऱ्याचा डोंगर यांवर इथं पुष्कळ चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र त्याच्या कितीतरी आधीच्या टप्प्याबद्दल लिहायचंय. हे सामान मुळात विकत कसं घेतलं जातं, त्याबद्दल.

महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगरपालिका आणि हजाराच्या वर ग्रामपंचायती. दिवे, पंखे, पंप, पाईप, कागद, टोनर, खराटे, फिनेल, पेव्हर ब्लॉक, कचराकुंड्या, फलक. वर्षभर काही ना काही खरेदी चालूच असते. यातलं काही वीज खातं, काही पाणी घाण करतं आणि बाकीचं चार वर्षांत भंगारात पडतं. घेतानाच नीट बघितलं तर पुढचा बराच त्रास टळतो.

यावर कार्यालयात ठरलेलं उत्तर मिळतं: "नियमानं सर्वांत कमी दर घ्यावाच लागतो, आमचे हात बांधलेले आहेत." हे अर्धंच खरं आहे. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दरवाला, हा तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दराआधी माल कसा आहे ते तपासतात त्या लिफाफ्यात, पात्र ठरलेल्यांमधून निवडतात. आणि तांत्रिक लिफाफ्यात काय मागायचं ते आपणच ठरवतो. दर उघडायच्या किती तरी आधी, मागणीपत्र लिहिलं जातं तिथंच खरेदीचा निकाल लागलेला असतो. बहुतेक ठिकाणी हे मागणीपत्र गेल्या वर्षीच्या फायलीवरून उतरवतात आणि वर्ष तेवढं बदलतात. 'सीलिंग फॅन, १२०० मिमी, पांढरा, आयएसआय मार्क.' संपलं.

आता याच पंख्याचं बघा. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. फरक ४५ वॉट. कार्यालयात दिवसाला ८ तास आणि वर्षाला २८० दिवस धरले तर एका पंख्यामागं १०० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी वर्षाला ८०० रुपये. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक हजार-दीड हजाराचा. म्हणजे दुसरं वर्ष संपायच्या आत तो फिटला, आणि पंखा पुढं कितीतरी वर्षं फिरणार. मागणीपत्रात 'बीईई ५ स्टार' (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं वीजबचतीचं सर्वोच्च मानांकन) एवढं वाढवलं की काम होतं.

नियमांचाही आधार आहे. केंद्राची इकोमार्क योजना १९९१ पासूनची, चिन्ह मातीचं मडकं. तिचे नवे नियम २०२४ च्या सप्टेंबरात निघाले. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतलं १२.७ हे उपध्येय तर सार्वजनिक खरेदीवरच आहे. तेव्हा आपापल्या कामातलं, स्वतः हाताळलेलं लिहा. कोणत्या मालाला कोणती अट घालता येईल? कुठं अडतं? मला यातून एक ठराव तयार करायचा आहे, जो कोणतीही ग्रामपंचायत किंवा पालिका थोडा फेरफार करून घेऊ शकेल.

साधंगणित

काका, गणित पटलं. पण वाचलेले ८०० रुपये कुणाच्या खिशात राहतात ते बघा. शाळेला पंखे येतात एका योजनेतून. वीजबिल भरतं दुसरंच कुणीतरी, बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायत किंवा शाळेचं तुटपुंजं अनुदान. पंखे घेणाऱ्या अधिकाऱ्याला उद्दिष्ट असतं नगांचं: इतक्या लाखांत इतके पंखे बसले पाहिजेत. त्यानं भारी पंखे घेतले तर नग कमी होणार आणि बैठकीत त्यालाच विचारणार, 'उद्दिष्ट का अपुरं?' वीज वाचली म्हणून त्याची पाठ कुणी थोपटणार नाही. त्याचा दोष नाही, रचनाच तशी आहे.

दुसरं असं की आमच्या उपनगरात ड्रेनेज नाही आणि रस्त्याला खड्डे आहेत. माझी करपट्टी आधी तिकडं लागावी असं मला वाटतं. पर्यावरणाच्या नावानं जास्त दराचा माल खपवायची नवी वाट उघडेल, ही भीती मला खरोखर वाटते.

लेखाशीर्ष

मी लेखा विभागात काम करते, म्हणून दोघांनाही उत्तर देते.

राज्य शासनाची कार्यालयं आणि जिल्हा परिषदा उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदीची नियमपुस्तिका धरून चालतात. केंद्राची २०१७ ची सर्वसाधारण वित्तीय नियमावली, म्हणजे जीएफआर, आपल्याला थेट लागू नाही, पण टिपणीत आधार म्हणून देता येते. दोन्हीकडचं सूत्र एकच आहे. गरज स्पष्ट लिहा, ब्रँडचं नाव लिहू नका, स्पर्धा मारू नका, निविदा टाळायला खरेदीचे तुकडे पाडू नका. ५ स्टार मागितलं म्हणजे ब्रँड मागितला असं होत नाही. कितीतरी कंपन्या तो माल बनवतात.

ऑडिटचा आक्षेप येतो तो टिपणीत कारण नसतं म्हणून. 'पर्यावरणपूरक' एवढाच शब्द टाकून चढ्या दरानं माल घेतला तर लेखापरीक्षक विचारणारच आणि त्यांनी विचारावंच. साधंगणित यांची भीती अगदी रास्त आहे. तिला उपाय असा की टिपणीला बचतीचं कोष्टक जोडायचं, त्या दिवशीची बीईईची यादी छापून लावायची, किमान तीन उत्पादक ही अट पुरी करतात हे दाखवायचं आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी निविदा काढायच्या आधी घ्यायची. नंतर घेतलेली मंजुरी कुणालाच वाचवत नाही.

दोन लेखाशीर्षांचा, म्हणजे पंखा एका खात्यातून आणि वीजबिल दुसऱ्याच खात्यातून जाण्याचा मुद्दा मात्र खरा दुखरा आहे. माझ्या परीनं मी एवढंच करते की टिपणीत खरेदीच्या रकमेखाली 'अपेक्षित वार्षिक वीजखर्च' अशी एक ओळ घालायला लावते. सही करणाऱ्याच्या नजरेसमोर दोन्ही आकडे एकत्र आले की चर्चा बदलते, हे मी पाहिलंय.

घनसाळ

आजरा तालुक्यातनं लिहितोय, गावाचं नाव घेत न्हाई. मी पंचायतीत सदस्य हाय. आमच्याकडं पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतनं पथदिवे घेतले होते. दरपत्रकं तीन आली, सगळ्यांत कमी ज्याचा त्याला ऑर्डर. नियमाप्रमाणं सगळं बरोबर. पहिल्याच वळवात बरेचसे दिवे गेले. दुकानदाराकडं गेलो तर बिलावर वॉरंटी लिहिलेलीच न्हवती.

आमच्या वायरमननं एक दिवा खाली उतरवून माझ्यासमोर फोडला. व्हय, फोडला, कारण उघडायला स्क्रूच न्हवता. काच आणि पत्रा गोंदानं चिकटवलेला. आत एलईडीची पट्टी सगळी चांगली, खालचा ड्रायव्हर, म्हंजे पट्टीला वीज पुरवणारा भाग, तेवढा जळून काळा. वीज कडाडली की तारेतनं जो झटका येतो तो अडवायला आत काहीच न्हवतं. एवढासा ड्रायव्हर बदलता आला असता तर दिवा पुन्हा लागला असता. पण चिकटवलेला म्हणून सगळा दिवा भंगारात. असं पोतं भरून अजून पंचायतीच्या खोलीत पडलंय.

त्यानंतर मासिक सभेत आम्ही अट घालूनच ठराव केला: आयपी ६६ (आत धूळ-पाणी जाणार न्हाई असा), १० केव्ही सर्ज प्रोटेक्शन (विजेचा झटका अडवणारं), ड्रायव्हर स्क्रूनं काढून बदलता येईल असा, पाच वर्षांची वॉरंटी बिलावर लिहून. दर जास्त आला, पण लई जास्त न्हाई. आता दिवा गेला तर वायरमन ड्रायव्हर बदलतो आणि पुढच्या खांबाला जातो.

एक बांबूचं पण सांगतो. झाडं लावायचा कार्यक्रम आला की लोखंडी जाळीचे ट्री गार्ड येतात शहरातनं. आमच्याकडं आजरा, चंदगड, शाहूवाडीला बांबू दारात हाय आणि विणणारे हात बसून हायत. २०१७ च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या भाषेत झाड राहिलेला न्हाई, म्हणजे शेतातल्या बांबूला पूर्वीची वाहतुकीची कटकट न्हाई. रोप मोठं होईस्तोवर बांबूचा गार्ड टिकतो, नंतर कुजून तिथंच खत. मग अडतं कुठं? अंदाजपत्रकात बसत न्हाई म्हणतात.

लेखाशीर्ष

घनसाळ दादा, अंदाजपत्रकात दरसूचीतली, म्हणजे शासनानं दर ठरवून दिलेल्या यादीतली बाब सरळ घेता येते. दरसूचीत नसेल तर दर पृथक्करण करून त्याला तांत्रिक मान्यता घ्यावी लागते. म्हणजे बांबू किती, मजुरी किती, वाहतूक किती असा हिशोब मांडायचा. ते काम शाखा अभियंत्याचं. थोडं जास्त लिहावं लागतं म्हणून टाळलं जातं, पण एकदा तालुक्यात एका गावाचं झालं की बाकीच्यांना नमुना मिळतो. तुम्ही लेखी मागा.

मंगळवारपेठ

माझी आई सफाई कामगार होती. कोणत्या संस्थेत ते लिहीत नाही. खरेदीबद्दल बोलताना माल वापरणाऱ्याचा विषय कुणी काढत नाही, म्हणून लिहिते.

एका वर्षी शिरांच्या खराट्यांऐवजी प्लास्टिकच्या काड्यांचे झाडू आले. दिसायला छान, रंगीत. डांबरी रस्त्यावर पंधरा दिवसांत काड्या झिजून तुटायला लागल्या. तुटलेल्या काड्या गटारात, गटारातून जयंती नाल्यात, तिथून कुठं जातात ते सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणायची, नाल्यातलं प्लास्टिक काढायला आम्हालाच उतरवतात आणि प्लास्टिक घालायला पण आमच्याच हातात देतात.

नारळाच्या शिरांचा खराटा आला तरी तोही नीट मागवावा लागतो. ठेकेदाराचा खराटा वजनाला हलका आणि बांधणी सैल. आई घरी आणून तो सोडायची, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मुठीजवळ घट्ट आवळायची आणि मग त्यात बांबूचा दांडा ठोकायची. दांडा लांब असला की कमरेत वाकावं लागत नाही. मागणीपत्रात खराट्याचं वजन, शिरांची लांबी, दोन ठिकाणी बांधणी आणि दांड्याची लांबी एवढं लिहिलं असतं तर त्या बायकांची कंबर आणि पदरचा वेळ दोन्ही वाचलं असतं.

माझी सूचना अशी की नमुना पसंत करताना ते सामान रोज हातात धरणाऱ्या किमान दोघांची सही घ्या. सफाईच्या सामानाला मुकादम आणि झाडणारी बाई, दिव्याला वायरमन, पंपाला पंपचालक. यात कोणताही नियम आडवा येत नाही.

साधंगणित

ताई, तुमची सूचना मला सर्वांत जास्त पटली. नमुना आणि प्रत्यक्ष पुरवठा यांतही फरक पडतो. मंजूर नमुना सीलबंद करून भांडारात ठेवावा आणि माल आल्यावर त्याच्याशी ताडून घ्यावा, हेही घाला.

उपसा

पाणीपुरवठ्याच्या पंपांची देखभाल हे माझं काम. पंख्यांची चर्चा चांगली आहे, पण पैसा आणि वीज जिथं वाहून जाते ती जागा म्हणजे पाण्याचे पंप. बालिंगा असो, शिंगणापूर असो, काळम्मावाडीची थेट पाईपलाईन असो किंवा एखाद्या वाडीची नळयोजना, पाणी वर चढवायला वीज लागतेच आणि पंप चोवीस तासांतले वीस-वीस तास चालतात.

हिशोब करा. १०० किलोवॉट घेणारा पंप दिवसाला २० तास चालला तर वर्षाला ७ लाख ३० हजार युनिट. त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे समजा. त्याच कामाला ७५ टक्क्यांचा पंप घेतला तर वीज लागेल साधारण ९३ किलोवॉट. वर्षाला ४८ हजार युनिटचा फरक. युनिटला ७ रुपये धरले तर सव्वातीन लाखांच्या वर. एका पंपामागं, दर वर्षी. आणि खरेदीत आपण भांडतो ते पंपाच्या किमतीतल्या पन्नास-साठ हजारांवर.

यावर वीज कंपन्यांची जुनी पद्धत आहे. ट्रान्सफॉर्मर घेताना त्या नुसती किंमत बघत नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या आयुष्यात जी वीज वाया जाणार तिची किंमत काढून दरात मिळवतात आणि मग बेरीज ज्याची कमी त्याला ऑर्डर देतात. पंपालाही हेच सूत्र निविदेत आधी जाहीर करून लावता येतं. किंमत अधिक दहा वर्षांची वीज, बरोबर एकूण दर. एल-वनचा नियम तोच राहतो, फक्त बेरीज पूर्ण होते. साधंगणित, तुमच्या ड्रेनेजला पैसा इथून सुटू शकतो.

एक कळकळीची गोष्ट. निविदेत कार्यक्षमता मागून भागत नाही, पंप बसवल्यावर जागेवर चाचणी घ्या. प्रवाह, दाब आणि वीज, तिन्ही एकाच वेळी मोजा आणि कमी भरली तर किती रक्कम कापणार ते निविदेतच लिहा. कागदावर ७५ आणि विहिरीवर ६४ असे पंप मी स्वतःच्या हातानं मोजलेत.

मोल्डिंगशॉप

शिरोलीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. आपल्या जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पट्ट्यात फौंड्र्या किती आहेत ते सांगायला नको. साच्यातली वाळू पुन्हा पुन्हा वापरून शेवटी टाकावी लागते आणि ती कुठं टाकायची हा आमच्या धंद्याचा कायमचा प्रश्न. दुसरीकडं फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकला आणि भरावाला वाळू, क्रश सँड दगडखाणीतून येते. डोंगर फोडून. ही दोन टोकं जोडणारा गिऱ्हाईक एकच होऊ शकतो, तो म्हणजे पालिका आणि पंचायत.

तांत्रिक बाजू नीट सांगतो, कारण यात घाई नको. बेंटोनाइट माती आणि कोळशाच्या भुकटीची 'ग्रीन सँड' वेगळी आणि रासायनिक रेझिननं बांधलेली वाळू वेगळी. दुसरीत फिनॉलसारखी द्रव्यं राहू शकतात. म्हणून सरसकट 'फौंड्री वाळू चालेल' असं लिहू नका. वाळूचा प्रकार, जड धातू आणि पाण्यात काय उतरतं याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली चाचणी, आणि तयार ब्लॉक आयएस १५६५८ च्या ताकदीला उतरला पाहिजे, एवढं मागा. ज्याच्याकडं हे कागद नाहीत त्याचा माल घेऊ नका, मग तो आमच्या कारखान्यातला का असेना.

पाडकामाच्या कचऱ्याचंही तसंच. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांतच म्हटलं होतं की पालिकेच्या आणि सरकारी कामांत अशा पुनर्वापर मालाचं प्रमाण, उदाहरणार्थ १० ते २० टक्के, सक्तीचं करावं, गुणवत्ता काटेकोर तपासून. २०२५ मध्ये तर नवे नियमही निघालेत. मी पाहिलेल्या कामांच्या निविदांत मात्र ही अट मला दिसलेली नाही.

कागलची_लेक

आमचा महिला बचत गट कापडी पिशव्या आणि फाईलचे कापडी बस्ते शिवतो. मार्च २०१८ ची राज्याची प्लास्टिकबंदी आली आणि पुन्हा १ जुलै २०२२ पासून केंद्राची एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरची बंदी आली, तेव्हा दोन्ही वेळा आम्हाला वाटलं आता कार्यालयांकडून काम येईल. चौकशीला गेलो की विचारतात, तीन वर्षांची उलाढाल किती, अनामत भरता का. मोठ्या ठेकेदारासाठी लिहिलेल्या अटी तशाच आमच्या पुढ्यात ठेवतात. आणि ज्या एका कार्यालयानं काम दिलं त्यांनी बिल इतकं रखडवलं की कापडाची उधारी भागवायला दोघींनी दागिने गहाण ठेवले.

रागानं लिहीत नाही, पण हे धाग्यात यायला हवं. झाडं आणि नदी वाचवताना शिवणाऱ्या बाईचं घरही चाललं पाहिजे. पर्यावरणाची अट घालताना छोट्यांना बाहेर काढणाऱ्या अटी आधी काढा.

लेखाशीर्ष

ताई, तुमच्या गटाची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आधी करा. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणं नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. ग्राहक सरकारी कार्यालय असलं तरी हे लागू आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, ती थकलेल्या बिलांचे वाद मिटवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडं जाते. पुरवठा आदेश, पोच आणि बिलाची शिक्क्याची प्रत तेवढी जपून ठेवा.

उलाढालीच्या अटीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ती खरेदीच्या आकाराच्या प्रमाणात असावी. दोनशे बस्त्यांना लाखोंची उलाढाल मागायचं काहीच कारण नाही.

कृष्णाकाठ

शिरोळ तालुक्यातून. आमच्याकडं खरेदीचा सर्वांत मोठा घोळ होतो तो महापुरात, त्यामुळं त्यावरच लिहितो.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. छावणीत पाण्याच्या बाटल्या, पाकिटं, प्लास्टिकची ताटं यांचा नुसता पाऊस. मदत करणाऱ्यांचे उपकार आहेतच, त्या दिवसांत कुणी भांड्याचा विचार करत नाही आणि करूही नये. पण पूर ओसरला तेव्हा गाळात सगळं मिसळलेलं होतं. ते हातानं वेगळं होत नव्हतं, ट्रॉलीनं उचलून टाकावं लागलं आणि उरलेलं पुढच्या पावसात पुन्हा कृष्णेत गेलं. आणीबाणीच्या खरेदीला निविदा लागत नाही, मिळेल ते मिळेल त्या दरात घेतात. म्हणजे सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त कचरा करणारी खरेदी तीच.

पूर येणार हे आता आम्हाला मे महिन्यातच गृहीत धरावं लागतं. मग मे महिन्यातच दरकरार करून ठेवा. पाण्याला टँकर आणि परत घ्यायचे जार, जेवणाला स्टीलची ताटं-वाट्या. गावातल्या मंडळांकडं, तालमींकडं, देवस्थानांकडं पंगतीची भांडी असतातच. त्यांची यादी आणि भाडं आधी ठरवून ठेवता येतं. गणपतीला घाटावर गुऱ्हाळाच्या काहिली ठेवून विसर्जन करायची कल्पना कोल्हापुरात रुजली, तशीच ही रुजेल. आहे ती वस्तू वापरायची, काम झालं की ज्याची त्याला परत.

आणि ठरावाची ताकद कमी समजू नका. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. एका गावाचा कागद राज्यभर गेला.

रंकाळावेस (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतकं नेमकं लिहिलंत की माझं काम सोपं झालं. मसुदा खाली देतो, मोडतोड करा.

"ठराव: ही ग्रामपंचायत / नगरपालिका यापुढील खरेदीत असे करील. वीज वापरणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या टिपणीत खरेदी किमतीसोबत अपेक्षित आयुष्यभराचा वीजखर्च दाखवला जाईल, आणि पंपांच्या निविदेत दोन्हींची बेरीज हाच दर धरला जाईल, त्याचे सूत्र निविदेतच जाहीर केले जाईल. जागेवरील चाचणीत कार्यक्षमता कमी भरल्यास करावयाची कपातही निविदेतच नमूद केली जाईल. पंखे व वातानुकूलन यंत्रे बीईई ५ स्टार किंवा त्या वेळची सर्वोच्च उपलब्ध श्रेणी. पथदिव्यांचा ड्रायव्हर सुटा बदलता येणारा, वॉरंटी बिलावर नमूद. किमान तीन उत्पादक ज्या अटी पूर्ण करू शकतात अशाच अटी घातल्या जातील व त्याचा पुरावा टिपणीस जोडला जाईल. नमुना पसंतीच्या वेळी वस्तू प्रत्यक्ष हाताळणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांच्या सह्या घेऊन नमुना सीलबंद ठेवला जाईल. पेव्हर ब्लॉक व भरावाच्या कामात चाचणी अहवालासह पुनर्वापर सामग्रीस मुभा राहील. उलाढाल व अनामतीच्या अटी खरेदीच्या रकमेच्या प्रमाणात ठेवल्या जातील. पूरप्रवण गावांत ३१ मेपूर्वी पाणी, जेवण व भांडी यांचे दरकरार पूर्ण केले जातील. ई-कचरा केवळ नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे दिला जाईल, आणि नवी खरेदी करताना जुना माल परत घेण्याची अट घातली जाईल."

शेवटचं वाक्य मी घातलंय. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणं ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणी देण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर उपकरणं वापरणाऱ्या कार्यालयांवर आहेच, पण निर्लेखन (जुना माल नोंदीतून काढणं) रखडतं म्हणून जुने संगणक वर्षानुवर्षं खोलीत कुजतात. नवा घेतानाच जुन्याचा निकाल लागला तर बरं.

साधंगणित

मसुदा वाचला. माझा विरोध आता एकाच जागी उरलाय. यात लोकांना हिशोब दिसायची सोय नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणं संस्थेनं आपणहून माहिती प्रसिद्ध करायची असते. तेव्हा एक वाक्य वाढवा: 'प्रत्येक खरेदीचे मागणीपत्र, तुलनात्मक तक्ता आणि पुरवठा आदेश पंधरा दिवसांत सूचना फलकावर व संकेतस्थळावर लावला जाईल.' हे असेल तर आमच्या प्रभागात मी स्वतः सह्या गोळा करतो.

लेखाशीर्ष

साधंगणित यांचं वाक्य जरूर घ्या. एक दुरुस्ती सुचवते: 'सर्वोच्च उपलब्ध श्रेणी' हे मोघम आहे, त्यावर वाद होईल. 'निविदा प्रसिद्धीच्या दिनांकास बीईईच्या यादीत किमान तीन उत्पादक असलेली सर्वोच्च श्रेणी' असं लिहा.

घनसाळ

आमची मासिक सभा पुढच्या आठवड्यात हाय. पथदिवे, बांबूचे गार्ड आणि फलकावर हिशोब लावायचा मुद्दा, एवढ्या तिन्हीचा ठराव मी सूचक म्हणून मांडतो, अनुमोदक बी तयार हाय. बांबूच्या दर पृथक्करणासाठी शाखा अभियंत्याला लेखी अर्ज आजच दिला, पोच घेतलीय. काका, तुमच्या मसुद्यात पथदिव्याच्या ओळीत 'सर्ज प्रोटेक्शन १० केव्ही, आयपी ६६' राहिलंय, ते तेवढं घाला. ते नसलं तर ड्रायव्हर बदलता येऊन पण दर वळवाला बदलतच बसावं लागंल.

रंकाळावेस (धागाकर्ता)

तिन्ही दुरुस्त्या घातल्या. सुधारित मसुदा संध्याकाळपर्यंत पहिल्या पोस्टमध्ये चढवतो. उपसा, पंपांच्या निविदेसाठी ते बेरजेचं सूत्र आणि जागेवरच्या चाचणीचा तक्ता तुमच्या शब्दांत लिहून द्याल का? तो भाग तुम्हीच लिहावा, मी नुसता टंकून जोडेन.